नऊ रेघा

मोजण्यात मी कधी चुकलो नाही. फुशारकी नाही मारत, शरमेनं सांगतो आहे. का ते पुढं कळेलच. गोंदियाला ईश्वरदास शेठची धानाची मिल होती, तिथं मी मापारी. नाव केवळराम, पण त्या नावानं मिलमध्ये शेठशिवाय कोणी हाक मारत नसे. मापारीजी, बस. हमाल पाठीवर पोतं घेऊन गोदामाच्या दारातून आत शिरला की माझ्या वहीत त्याच्या नावापुढं एक रेघ. चार उभ्या, पाचवी आडवी. पहिल्या पोत्याला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, ही आमची जुनी रीत. लाभ, दोन, तीन, चार. बावीस वर्षं मी हेच केलं. हा माणूस ताटातल्या भाताचे घाससुद्धा मोजते, असं माझी बायको मंदाबाई शेजारणींना सांगत फिरायची.

पोतं दारातून आत गेलं तर रेघ, नाही गेलं तर नाही. कोण किती घामेजला, कोण किती कण्हला, ते मापारी पाहत नाही. मिलमध्ये त्यात काही चूक नव्हती. पण हीच अक्कल मी मैदानावर नेली आणि एका सरळ माणसाच्या संसाराची वाट लावली.

शेठला फुटबॉलचं वेड नव्हतं, टीम असण्याचं होतं. रेल्वे कॉलनीच्या पोट्ट्यांची टीम आहे, मग आपली काऊन नको? मिलच्या मागं धान कापून मोकळी झालेली बांधी होती. तिच्यावरून रोलर फिरवला, दोन बाजूंना बांबूचे गोल उभे केले, झालं मैदान. एका कडेला मिलच्या भुशाचा मोठा ढीग होता. लोक त्याच्यावरच बसायचे आणि उठले की ढुंगण झटकायचे. शेठ मात्र खुर्चीवर. त्यांना खेळातलं एवढंच कळायचं, की बॉल पलीकडच्या बांबूत गेला तर टाळ्या वाजवायच्या. मला त्याहून पुष्कळ जास्त कळतं, असा माझा समज होता.

टीममधले बाकी सगळे मिलचे कायमचे नोकर. हंगामी हमाल दोघंच, सुखराम आणि बिसराम, आणि दोघंही फुलबॅक. म्हणजे गोलीच्या समोर उभं राहून पलीकडच्यांचा हल्ला थोपवायचा. सुखराम डावीकडं, बिसराम उजवीकडं. अठ्ठावन्न सालच्या हंगामात मिलच्या चाळीतली एक खोली रिकामी झाली. शेठनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की या दोघांतला जो चांगला खेळेल त्याला कायम करीन आणि खोलीही त्याचीच.

सुखराम कामठ्याचा. वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. मोठ्या तोंडाचा, हसरा, बॉल आला की अशी लाथ हाणायचा की भुशाच्या ढिगावरचे लोक "वाह रे पठ्ठे!" म्हणून ओरडायचे. त्याला बूट नव्हते, बिसरामलाही नव्हते. बिसराम सालेकशाच्या पलीकडचा, जंगलातला, गोंड माणूस. अंगानं काटक, बोलणं कमी. विचारलं तेवढंच सांगणार, आणि तेही खाली पाहून.

त्याच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. हंगामाचे महिने तो इथं गोदामाच्या पडवीत बाकीच्या हमालांसोबत झोपायचा. तिथं बायकोला कुठं ठेवणार? पावसाळ्यात गावी गेला तर ती दुसऱ्यांच्या बांधीत धानाच्या रोवण्याला गेलेली असायची, आणि रोवणे संपले की तो लाकूडतोडीला. एकदा दुपारच्या सुट्टीत तो माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "मापारीजी, एक मोजून देता काय? तीन वर्षांत मी अन् लीला एका चुलीवर किती दिवस जेवलो?" तो एकेक आठवून सांगत गेला आणि मी मोजत गेलो. एकशे चार दिवस भरले. तो हसला. "बरेच झाले की," म्हणाला. तेव्हापासून मला त्याच्याबद्दल जरा माया होती. होती, हो. ती असूनही मी जे केलं ते केलं.

तर फेब्रुवारीत रेल्वे कॉलनीच्या टीमसोबत पहिला सामना ठरला. पंधरा दिवसांनी त्यांच्याशीच दुसरा, तो कपाचा. पहिल्या सामन्याच्या सकाळी शेठनी मला बोलावलं.

"केवळराम, अपने को फुटबॉल समझता नहीं. तुम बोरे गिनते हो ना, वैसा ही इन दोनों का गिनो. जिसने बॉल को ज्यादा मारा, कमरा उसका."

मला केवढा मान वाटला! एवढ्या मोठ्या माणसानं आपल्या मोजणीवर दोन माणसांचं भवितव्य टाकलं. मी दोन पेन्सिली तासून घेतल्या आणि कोरी वही घेऊन मैदानाच्या कडेला स्टुलावर बसलो. एका पानावर सुखराम, दुसऱ्यावर बिसराम. रेफरीनं शिटी वाजवली, सुखरामनं पहिली लाथ मारली आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "लाभ!" मागचे लोक खो खो हसले.

सुखरामच्या पानावर रेघांची नुसती रांग लागली. रेल्वेवाले सारखे त्याच्याच बाजूनं येत होते, आणि तो कधी छातीवर, कधी डोक्यावर, कधी घसरत जाऊन बॉल परत पाठवत होता. इकडं बिसरामचं पान कोरं. रेल्वेच्या टीममध्ये फिलिप नावाचा पोट्टा होता, त्यांचा लेफ्ट आउट, म्हणजे डाव्या कडेनं पळणारा गडी. पायात बूट, पळायला एकदम तेज. बिसराम त्याच्या मागंमागं. तो पुढं आला की हा पुढं, तो मागं सरला की हा मागं, तो चड्डी वर ओढायला थांबला तर हाही थांबला! बॉल भलतीकडंच. मी मनात म्हटलं, हा बावा खेळायला आला का सोयरीक जमवायला?

सामना बरोबरीत सुटला, दोघांचेही गोल शून्य. मी रेघा जुळवल्या. सुखराम एक्केचाळीस, बिसराम नऊ. दोनदा मोजल्या. नऊच.

संध्याकाळी शेठच्या गादीवर जाऊन आकडे सांगितले. शेठनी चष्मा वर केला.

"नौ? बस?"

"हव शेठजी, नऊ."

"ऐसा कैसा? मिल में तो बराबर बोरा उठाता है. कभी किसी ने शिकायत नहीं की."

इथंच मी गप्प बसायला पाहिजे होतं. आकडा मागितला होता, आकडा दिला होता. माझं काम संपलं होतं. पण मोठ्या माणसानं मत विचारलं की आमच्यासारख्याची जीभ वळवळते. मी म्हणालो, "शेठजी, मैदानात कामचोर आहे तो. नुसता फिरत राहते."

कामचोर. हा शब्द वहीत नव्हता, माझ्या तोंडात होता. शेठनी मान हलवली. खोली सुखरामला, आणि कपाच्या सामन्यात बिसरामच्या जागी बॉयलरवरचा रेवाराम. सगळं मिळून पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

शेठनी दुसऱ्या दिवशी बिसरामला बोलावून सांगितलं. हंगाम संपेपर्यंत पोती उचल, पुढचं पुढं पाहू. तो बाहेर आला तेव्हा मी दारातच होतो. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही, कोणाकडंच पाहिलं नाही. गोदामात गेला आणि पोतं पाठीवर घेतलं. त्या दिवशी त्याची पोती नेहमीपेक्षा अकरा जास्त भरली. मी त्याच्या नावापुढं रेघा ओढत होतो, आणि तेव्हाही माझ्या मनात काय आलं सांगू? आता बरा करून राहिला काम, असं आलं.

घोळ असा झाला होता, की बिसरामनं आधीच सालेकशाच्या बाजारात कोणाच्या तरी हाती बायकोला निरोप धाडला होता. खोली मिळेल असं दिसते, सामना पाहायला ये म्हणून. खोली गेल्याचा दुसरा निरोप पोचलाच नाही. कपाच्या दिवशी लीलाबाई सकाळच्या गाडीनं येऊन हजर. सोबत गाठोडं. त्यात दोन गंज, एक तवा, एक पितळी लोटा आणि नवी सूपली. संसाराला निघाली होती ती. बिसरामनं तिला काय सांगितलं, कसं सांगितलं, ते मला माहीत नाही. दुपारी ती भुशाच्या ढिगाच्या पायथ्याशी गाठोडं पोटाशी धरून बसली होती. तोंडावर काही नव्हतं, ना राग ना रडू.

बिसरामला टीमसाठी पाण्याची बादली आणि लिंबं सांभाळायला ठेवलं होतं. बादली माझ्या स्टुलाशेजारी, म्हणून तोही माझ्या शेजारी. मला अवघडल्यासारखं झालं, पण शिटी झाली आणि मी कामाला लागलो. शेठनी या खेपेला सुखराम आणि रेवाराम यांचं मोजायला सांगितलं होतं.

आणि रेवारामच्या रेघा काय भराभर पडल्या! पहिल्या पाच मिनिटांत सहा. मी खूश. म्हटलं, पाहा, याला म्हणतात काम करणारा माणूस. तेवढ्यात फिलिप कडेनं निघाला, रेवारामला बाजूला टाकलं आणि गोल. ठीक आहे, एखादा होतो. पुन्हा रेवारामच्या तीन रेघा, पुन्हा फिलिप, पुन्हा गोल. 

शेजारून बिसराम पुटपुटला, "बॉलकडं पाहून राहिला तो."

"मंग कोठी पाहाचं?" मी खेकसलो. "फुटबॉलच आहे ना?"

"बॉलकडं काऊन पाहाचं, मापारीजी? त्या पोट्ट्याकडं पाहाचं. अन् त्याले बॉल देणारा जो आहे, त्याच्याकडं. त्या दोघांच्या मधात उभं राहाचं. मंग तो देतच नाही. दुसरीकडं देते."

मी त्याच्याकडं पाहिलं. तो बोलत होता, पण नजर फिलिपवरच होती. बसल्या बसल्या त्याचे पाय हलत होते.

"आमच्याकडं हाका घालतात," तो म्हणाला. "शिकारीले. लोक डफ वाजवून जनावर काढतात, अन् बाजूले एकेक माणूस नुसता उभा राहते. माहा बाप राहे. तो ओरडत नाही, काही नाही. जनावर त्याले पाहून दुसरीकडं वळते. त्याच्या बाजूनं जनावर आलंच नाही, म्हणजे त्यानं काम केलं."

 पेन्सिल हातात तशीच राहिली. समोर रेवारामनं बॉल मारला, पुन्हा मारला, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा दोन मोजायचे राहून गेले.

अरे केवळराम, गाढवा! रेवारामकडं बॉल येतो आहे म्हणून तो मारतो आहे. आणि येतो आहे कारण फिलिप मोकळा आहे. पहिल्या सामन्यात याच फिलिपला सारी दुपार कोणी बॉल दिला नाही, कारण हा अनवाणी माणूस मधात उभा होता. रेल्वेवाल्यांना आमची उजवी बाजू बंद दिसली म्हणून ते सारखे सुखरामकडं गेले. सुखरामच्या एक्केचाळीस रेघासुद्धा यानंच ओढून दिल्या होत्या, आणि मी त्या सुखरामच्या पानावर मांडल्या. पोत्याचं तसं नसते. पोतं आपणहून दुसऱ्या दारानं जात नाही. मला हे कळायला एक जंगलातला हमाल शेजारी बसावा लागला, ज्याला मी पंधरा दिवसांपूर्वी कामचोर म्हणून आलो होतो.

सामना चार गोलांनी हरलो. चारही उजवीकडून. वहीत रेवाराम छत्तीस, आणि मागच्या खेपेचा एक्केचाळीसवाला सुखराम चौदा. ते चौदा पाहिल्यावर तर कोणाला विचारायचं कारणच उरलं नाही. तरी उरलीसुरली शंका फिलिपनं फेडली. पाणी मागायला तो आमच्या बादलीशी आला, लोटाभर पाणी प्याला आणि बिसरामला ओळखून म्हणाला, "अरे भाई, तू आज खेला क्यों नहीं? उस दिन तेरे कारण मुझे एक पास नहीं मिला. घर जा के खाना नहीं खाया मैंने!" आणि हसत त्याच्या खांद्यावर थाप मारून गेला.

बिसराम लाजला. माझी मात्र मान वर होईना. माझ्या वहीतल्या नऊ रेघांपेक्षा ती थाप खरी होती, आणि ती मारणारा पलीकडच्या टीमचा होता.

मी तसाच उठलो आणि शेठकडं गेलो. जाताना ठरवून गेलो होतो, आईची शपथ. शेठ गादीवर टेकून बसले होते, रागात नव्हते. खेळात हरजीत व्हायचीच, म्हणाले. दारात सात-आठ हमाल काहीतरी मागायला उभे होते. शेठनी आकडे विचारले, मी सांगितले.

"रेवाराम छत्तीस! वाह. अच्छा खेला."

"शेठजी," मी म्हणालो, "ते बिसरामचं जे मी सांगितलं होतं..."

"हां, क्या?"

"त्याच्यात जरा... ते बरोबर नव्हतं."

शेठनी चष्मा काढून ठेवला. "गिनती गलत थी?"

दारातले हमाल कान देऊन ऐकत होते. शेठनी त्यांच्याकडं एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "केवळराम, सोच के बोलना. तुम्हारी गिनती पे मैं आँख मूँद के सही करता हूँ. आज तुम इनके सामने बोलोगे कि गिनती गलत, कल यही लोग बोलेंगे बोरे की गिनती भी गलत. बाईस साल की. बोलो, नौ थे कि नहीं थे?"

नऊच होत्या. आकडा अगदी बरोबर होता, आणि मी त्याच्या आडोशाला लपलो. मोजणी बरोबर आहे शेठजी, पण जे मोजायचं ते मी मोजलंच नाही, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण मापारी म्हणून गावात जी माझी पत होती, तिला धक्का लागेल या भीतीनं मी ते गिळून टाकलं.

"नऊच होत्या, शेठजी," मी म्हणालो आणि बाहेर आलो.

त्या दिवशी लीलाबाईला मंदाबाईनं आमच्या घरी ठेवून घेतलं. पडवीत बाईमाणूस कसं राहील, म्हणाली. मी जेवायला बसलो तर लीलाबाई माझ्या ताटात वाढत होती. दोनच घास खाऊन मी ताट सारलं. मंदाबाईनं विचारलं, "काऊन, बरं नाही काय?" मी म्हटलं, डोकं दुखून राहिलं. सकाळी उठून पाहतो तर या बाईनं आमचं अंगण झाडून शेणानं सारवून ठेवलं होतं. मला वाटलं, हिनं त्यापेक्षा माझ्या तोंडावर शेण फासलं असतं तर बरं झालं असतं.

बिसरामनं हंगाम अर्ध्यावर सोडला. भिलाईला मोठा कारखाना बांधून राहिले, तिकडं माणसं घेतात, असं त्याला कोणी सांगितलं होतं. लीलाबाई सालेकशाला उतरून गावी जाणार, तो पुढं भिलाईला. गाडी एकच, तिकिटं दोन गावांची. मी त्याच सकाळी मिलमध्ये न जाता त्यांच्यासोबत स्टेशनवर गेलो. सामान उचलतो म्हणालो, पण सामान होतं किती? तिचं ते भांड्यांचं गाठोडं, तेही तिनं दिलं नाही.

गाडीला वेळ होता. बिसराम बाकाजवळ उकिडवा बसला.  मग तोच बोलला.

"मापारीजी, नऊचं काही नाही. ते तं माहीच चूक. लाथा मोजून राहिले हे मले कोणी सांगितलंच नव्हतं. मालूम असतं तं मीबी मारल्या असत्या. मारता येते मले." पुढं म्हणाला, "पण शेठ मले कामचोर म्हणाले. ते काऊन म्हणाले, ते समजून नाही राहिलं. पोतं तं मी कई चुकवलं नाही."

माझ्यानं राहवलं नाही. मी त्याच्यासमोर खालीच बसलो, फलाटावर, धोतराची पर्वा न करता. म्हणालो, "शेठ नाही म्हणाले गा. मी म्हणालो. तो शब्द माहा. अन् मोजणीबी माही चुकली. तूच खरा खेळला. तुयामुळे त्या पोट्ट्याले बॉल भेटला नाही, म्हणून तुयाकडे आला नाही. सगळ्यात चांगला तू होतास. मी बैल, मले दिसलं नाही."

त्याचा चेहरा आधी उतरला, मग कसनुसा हसरा झाला. मला वाईट वाटू नये म्हणून हसत होता तो! "नाही गा मापारीजी," म्हणाला. "तुमी कोठी चुकता? नऊच मारल्या होत्या मी. मीबी मोजल्या होत्या, मनातल्या मनात." कामचोर या शब्दाबद्दल तो काहीच बोलला नाही. खाली पाहून पायाच्या अंगठ्यानं फलाटावरचा खडा सरकवत राहिला.

म्हणजे मी त्याची नुसती खोली नाही नेली. आपण चांगलं खेळतो हे त्याला आतून ठाऊक होतं, तेही मी काढून घेतलं होतं. आणि आता परत द्यायला गेलो तर तो घेत नव्हता, कारण मापारीची मोजणी कधी चुकत नाही.

गाडी आली. तो डब्यात चढला, वरून गाठोडं घ्यायला हात पुढं केला. पण लीलाबाई चढली नाही. ती माझ्यासमोर उभी होती. आदल्या दिवसापासून ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"हे आत्ता जे बोलले तुमी," ती म्हणाली, "ते शेठले सांगितलं काय?"

मी म्हटलं, "गेलो होतो सांगाले."

"सांगितलं काय?"

"नाही."

तिनं गाठोडं वर दिलं, पायरीवर पाय ठेवला आणि मागं वळून पाहिलं.

"मंग आमाले कायले सांगून राहिले?"

गाडी सुटली. स्टेशनापासून मिल दहा मिनिटांच्या वाटेवर. खोलीची किल्ली अजून शेठच्या गल्ल्यातच होती, सुखरामला ती पुढच्या सोमवारी द्यायची होती. गावी माणूस पाठवून दोघांना परत बोलावता आलं असतं. त्या आठवड्यात मी शेठच्या दारावरून रोज गेलो. आत गेलो नाही.